आवक सुरू, जावक बंद : ईमेलच्या ओळखीचा इतिहास

मागच्या दोन व्याख्यानांत आपण टपाल आणि तार यांचा इतिहास पाहिला. आज ईमेलकडे येऊ, आणि तेही एका अगदी साध्या तक्रारीच्या वाटेने.

तानसा, आटगाव, खर्डी, तिकडे मुरबाड, सरळगाव, या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत इंटरनेटच्या तारा बदलल्या. टेलिफोनच्या तांब्याच्या लाइनीवरचं ब्रॉडबँड लोकांनी सोडलं आणि फायबर घेतलं. कुणी केबलवाल्याकडून घेतलं, कुणी मोठ्या कंपनीकडून. वेग वाढला, सगळे खूश. आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुणीतरी आमच्याकडे येऊन म्हणतं, "सर, मेल येतात, पण जात नाहीत."

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत सुटे भाग करून देणाऱ्या एका लहान कारखानदाराचं असंच झालं. त्याने कोटेशन पाठवलं, ते संगणकातच 'आउटबॉक्स'मध्ये बसून राहिलं. गिऱ्हाइकांचे मेल मात्र रोज येत होते, त्यामुळे सगळं ठीक चाललंय असंच त्याला वाटत होतं. चौथ्या दिवशी त्या गिऱ्हाइकाचा मेल आला, की तुमचं कोटेशन मिळालं नाही म्हणून काम दुसऱ्याला दिलं आहे. म्हणजे काम गेल्याची बातमीसुद्धा मेलनेच आली! (हशा)

आता प्रश्न असा, की तार एकच, संगणक एकच, पत्ता एकच. मग येण्याची वाट मोकळी आणि जाण्याचीच बंद, असं का? तार तुटली असती तर दोन्ही बंद पडायला हवं होतं. दुरुस्त करणारा मुलगा येतो, दोन आकडे बदलतो, पैसे घेतो आणि जातो. आकडे का बदलले हे तोही सांगत नाही, कारण पुष्कळदा त्यालाही ते ठाऊक नसतं. आमचं म्हणणं असं आहे की त्या दोन आकड्यांत चाळीस वर्षांचा इतिहास आहे, आणि तो इतिहास तंत्राचा कमी आणि ओळखीचा जास्त आहे. माणसाला ओळखायचं कशावरून? तो कुठे उभा आहे यावरून, की तो कोण आहे यावरून?

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. खेड्यात परका माणूस आला की त्याला पहिल्यांदा नाव विचारत नाहीत. "कुठले पाव्हणे?" असं विचारतात. गाव कळलं की निम्मी ओळख पटली. आपली आडनावंच बघा ना. मुरबाडकर, शहापूरकर, नागपूरकर. गाव सुटून चार पिढ्या झाल्या, आता राहतात डोंबिवलीत, तरी 'कर' तसाच. ही गोष्ट जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सरकारी कचेरीत ज्यांनी नोकरी केली त्यांना आवक-जावक माहीत असते. जुन्या कचेऱ्यांत त्या टेबलाला बारनिशी म्हणतात. आवक नोंदवहीत बाहेरून आलेलं कुठलंही पत्र नोंदलं जातं. कुणाचं का असेना, शिक्का मारून घ्यायचं. जावकीचं तसं नाही. तिथे कारकून आधी बघतो, सही कुणाची आहे, कोणत्या शाखेचं आहे. मगच जावक क्रमांक पडतो. कारण बाहेर गेलेल्या कागदावर कचेरीचं नाव असतं. ईमेलमध्ये नेमका हाच फरक आहे, फक्त तो सुरुवातीपासून नव्हता. सुरुवातीला जावक अगदी सताड उघडी होती.

त्यासाठी १९८२ सालात जावं लागेल. ऑगस्ट १९८२मध्ये अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेतले जोनाथन पोस्टेल यांनी 'आरएफसी ८२१' नावाचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. मेल एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे कसा न्यायचा याचे नियम त्यात आहेत. त्या नियमावलीचं नाव 'सिंपल मेल ट्रान्सफर प्रोटोकॉल', आपण सेटिंगमध्ये 'एसएमटीपी' म्हणून जे वाचतो ते हेच. त्याला खिडकी ठरवून दिली २५ नंबरची. संगणकाच्या भाषेत तिला पोर्ट म्हणतात, पण पोस्टातली खिडकी डोळ्यांसमोर आणलीत तरी चालेल. मनीऑर्डरची खिडकी वेगळी, तिकिटांची वेगळी, तसं.

त्या खिडकीवरचा संवाद मोठा वाचनीय आहे. पाठवणारं यंत्र आधी 'हेलो' म्हणतं आणि आपलं नाव सांगतं. हा 'हेलो' चारच अक्षरांत लिहितात, कारण तेव्हाच्या आज्ञा चार अक्षरी असत. पलीकडचं यंत्र '२५०' म्हणतं, म्हणजे ठीक आहे. मग 'मेल फ्रॉम', पाठवणारा अमुक. पुन्हा २५०. मग 'आरसीपीटी टू', मिळणारा तमुक. पुन्हा २५०. मग 'डेटा', आणि सगळा मजकूर. शेवटी एका ओळीत नुसतं एक टिंब. टिंब आलं की पत्र संपलं.

या सगळ्या संवादात एक प्रश्न कुठेच नाही. 'तू खरंच तोच आहेस कशावरून?' पाठवणाऱ्याने जे नाव सांगितलं ते खरं. सांगणाऱ्यावर विश्वास. हा भाबडेपणा होता का? आम्हाला तसं वाटत नाही. त्या काळच्या जाळ्यावर विद्यापीठं होती, संशोधन संस्था होत्या, त्यांचे प्रशासक एकमेकांना फोनवरून ओळखत. आणि टपालपेटी तरी काय विचारते? आपल्या देशात १८५४ साली नवं टपाल खातं उभं राहिलं, अंतर कितीही असो पत्राला अर्धा आणा असा एकच दर झाला, तेव्हापासून शहापूरच्या पेटीत पुण्याच्या माणसाने पत्र टाकलं तरी ते जातं. मागे प्रेषक म्हणून कुणाचंही नाव लिहा, पोस्टमन तपासत नाही. तिकीट नसेल तर पत्र 'नॉटपेड' होतं, दंड पडतो, पण ओळख कुणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. तेव्हा एखादं यंत्र परक्याचं परक्यासाठी असलेलं पत्रही घेई आणि पुढे ढकलून देई. याला 'रिले' म्हणत. यंत्रं चोवीस तास जोडलेली नसत, त्यामुळे पत्र मजल दरमजल करत जाई. आपल्याकडे फोन नव्हते तेव्हा डोळखांबचा माणूस शहापूरला बाजाराला निघालेल्या कुणाच्याही हातात चिठ्ठी देई, किंवा एसटीच्या ड्रायव्हरला सांगे, "एवढी स्टँडवर अमक्याला द्या." तो द्यायचा. आपली ना ओळख ना देख, तरी द्यायचा. नाही म्हणणं अडाणीपणाचं मानलं जाई. रिले म्हणजे हीच शेजारधर्माची रीत. पोस्टेल यांची शिकवण प्रसिद्ध आहे, की यंत्राने पाठवताना काटेकोर असावं आणि घेताना उदार.

भारतात हे जाळं आधी संस्थांमध्ये आलं. १९८६ साली सुरू झालेला 'अर्नेट' प्रकल्प, मुंबईत जुहूचं 'एनसीएसटी', पवईची आयआयटी, या ठिकाणी ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ईमेलची देवघेव सुरू झाली. सर्वसामान्यांना मात्र वाट पाहावी लागली १५ ऑगस्ट १९९५पर्यंत. त्या दिवशी विदेश संचार निगमने, म्हणजे व्हीएसएनएलने, इंटरनेट सेवा सर्वांसाठी खुली केली. सुरुवात मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथे. वेग सेकंदाला ९.६ किलोबिट, मोडेमचा तो किर्रर्र आवाज. आणि पत्ते कसे असत आठवतंय का कुणाला? 'अॅट'च्या पुढे 'जीआयएएसबीएम०१ डॉट व्हीएसएनएल डॉट नेट डॉट इन'. त्यातलं 'बीएम' म्हणजे बॉम्बे. पुण्याचा असेल तर 'पीएन', दिल्लीचा 'डीएल'. म्हणजे पत्त्यातच गाव! आपलं मुरबाडकर आणि शहापूरकर, तंतोतंत.

आता गंमत बघा. या व्यवस्थेत जावक मेलला पासवर्ड लागत नव्हता. आवकीला लागायचा, कारण पेटीत तुमची खासगी पत्रं आहेत, ती दुसऱ्याने उघडू नयेत. ज्या नियमाने आपण पेटीतून पत्रं काढतो, तो 'पॉप', त्यात पहिल्यापासून नाव आणि पासवर्ड आहे. जावकीचं यंत्र मात्र फक्त एवढंच बघे, की हा माणूस आपल्याच तारेवरून बोलतोय ना? तुम्ही व्हीएसएनएलच्या नंबरला डायल केलंत, तिथे नाव-पासवर्ड देऊन आत आलात, आता तुम्हाला मिळालेला आयपी पत्ता व्हीएसएनएलच्या आवारातला. मग जावकीचा कारकून पुन्हा कशाला विचारेल? वाड्याच्या आत आलेला माणूस वाड्यातलाच. ओळख जागेवरून.

हे चाललं, कारण पुरवठादार एकच होता. तार बदलायची म्हटली तरी बदलून जाणार कुठे? मग १९९८च्या नोव्हेंबरमध्ये सरकारने खासगी कंपन्यांना परवाने द्यायला सुरुवात केली. सत्यम इन्फोवे आली, पुढे इतर आल्या. २००० साली बीएसएनएल स्थापन झालं, २००५मध्ये त्याचं ब्रॉडबँड आलं. पहिल्यांदाच माणसाला निवड मिळाली, आणि आज आपण ज्या तक्रारीबद्दल बोलतोय ती भारतात खऱ्या अर्थाने तेव्हाच शक्य झाली. पत्ता जुन्या कंपनीचा, तार नव्या कंपनीची. तुम्ही जुन्या वाड्याच्या कारकुनाला बाहेरच्या रस्त्यावरून हाक मारता, "अहो, माझं पत्र घ्या." तो म्हणतो, "तुम्ही आमच्याकडचे नाही." तुम्ही म्हणता, "अहो, पत्त्यावर नाव बघा ना, मी तुमचाच." तो म्हणतो, "नाव कुणीही सांगेल. उभे कुठे आहात ते बघा." संगणकावर हे वाक्य '५५०' या आकड्याने आणि 'रिलेइंग डिनाइड' अशा शब्दांत येतं.

पण कारकून एवढा कडक का झाला? आधी तर तो परक्याचंही पत्र ढकलून देत होता. इथे आपल्या गोष्टीतला खलनायक येतो. ३ मे १९७८ रोजी, म्हणजे एसएमटीपीच्याही आधी, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुर्क यांनी आपल्या नव्या संगणकाची जाहिरात एकदम सुमारे चारशे लोकांना पाठवली. लोक चिडले, समज दिली गेली, प्रकरण मिटलं. १९९४मध्ये अमेरिकेत एका वकील जोडप्याने 'ग्रीन कार्ड'ची जाहिरात हजारो चर्चागटांवर एकाच वेळी टाकली, आणि हा धंदा होऊ शकतो हे जगाला कळलं. त्यानंतर कचरा-मेलवाल्यांच्या लक्षात आलं की जगभर हजारो यंत्रं शेजारधर्म पाळत उभी आहेत. त्यांच्या हातात एक पत्र आणि दहा हजार पत्त्यांची यादी दिली की ती बिचारी फुकटात वाटत बसतात. एसटीच्या ड्रायव्हरला एक चिठ्ठी देण्याऐवजी कुणी पोत्याने हँडबिलं देऊ लागलं तर तो काय करेल? पहिल्या खेपेला नेईल. तिसऱ्या खेपेला गावकऱ्याची खरी चिठ्ठीही घेणार नाही.

तेच झालं. १९९७च्या सुमारास पॉल व्हिक्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काळी यादी सुरू केली. जो रिले उघडा ठेवील त्याचा आयपी पत्ता यादीत, आणि यादी मानणारे त्याचं काहीच स्वीकारणार नाहीत. मेल पोहोचवणारं त्या काळचं सगळ्यांत प्रचलित सॉफ्टवेअर 'सेंडमेल'. त्याच्या १९९८मधल्या ८.९ आवृत्तीत रिले मुळातच बंद करून दिला होता. हवा असेल तर मुद्दाम उघडायचा. अवघ्या तीन-चार वर्षांत शेजारधर्म हा गुन्हा ठरला. आम्हाला या इतिहासातलं सर्वांत दुःखद पान हेच वाटतं. फसवणाऱ्यांचं फार बिघडलं नाही, त्यांनी दुसऱ्या वाटा काढल्या. उदारपणा मात्र नियमावलीतूनच गेला.

आता तत्त्वज्ञानाचा मास्तर गप्प कसा बसेल? आपल्या न्यायदर्शनात प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्याबरोबर 'शब्द' हेही ज्ञानाचं साधन मानलं आहे. दुसऱ्याच्या सांगण्यावरून कळलेलं ज्ञान खरं असू शकतं, पण सांगणारा 'आप्त' हवा, म्हणजे विषय जाणणारा आणि खरं सांगण्याची इच्छा असणारा. त्यात मुद्द्याची गोष्ट अशी, की आप्त असणं हे माणसाच्या जागेवर, जातीवर किंवा देशावर अवलंबून नाही. भाष्यकारांनी ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना ते लक्षण लागू धरलं आहे. जुन्या जावक यंत्राने बोलणाऱ्याचा आप्तपणा पाहिलाच नव्हता, फक्त त्याचा पाट कुठे मांडला आहे ते पाहिलं होतं. पाट हलला आणि प्रमाण कोसळलं.

दुरुस्ती तिथेच करायला हवी होती, आणि ती झाली. डिसेंबर १९९८मध्ये रँडल गेलेन्स आणि जॉन क्लेन्सिन यांनी 'आरएफसी २४७६' लिहून एक साधी, शहाणी गोष्ट सांगितली. पत्र दाखल करणं आणि पत्र पोहोचवणं ही दोन वेगळी कामं आहेत, म्हणून त्यांना दोन वेगळ्या खिडक्या द्या. २५ नंबर राहू द्या पोस्टा-पोस्टातल्या थैल्यांसाठी. माणसांनी पत्र दाखल करायचं ते ५८७ नंबरवर. पुढे मार्च १९९९मध्ये 'एसएमटीपी ऑथ' आलं, म्हणजे जावकीलाही नाव आणि पासवर्ड. दोन्ही एकत्र केलं की काय होतं बघा. तुम्ही तानशात असा, ठाण्यात असा, टोरांटोला मुलीकडे गेलेले असा. ५८७वर जाऊन नाव-पासवर्ड दिलात की कारकून तुमचं पत्र घेतो. कुठले, हे विचारतच नाही. कोण, एवढंच विचारतो. आमच्या मते ईमेलच्या इतिहासातला हा सगळ्यांत मोठा बदल, आणि तो कुणाच्या लक्षातही आला नाही, कारण तो एका सेटिंगच्या खिडकीत तीन आकड्यांत लपला आहे.

लोकांना त्याची गरजही चटकन भासली नाही. हॉटमेल जुलै १९९६मध्ये आलं होतं, पाठोपाठ आपल्याकडे रेडिफमेल लोकप्रिय झालं. ब्राउझरमध्ये मेल वाचणाऱ्याला एसएमटीपीशी कर्तव्य नसतं, ते काम पलीकडचं यंत्र आपसांत करून टाकतं. म्हणून आजही मोबाइलवर जीमेलचं अॅप वापरणाऱ्या नातवाला ही अडचण येत नाही आणि थंडरबर्ड किंवा आउटलुक लावून हिशोब ठेवणाऱ्या आजोबांना येते. नातू म्हणतो, "आजोबा, तुम्हाला जमत नाही." जमत नाही असं नाही रे बाबा, त्यांची सेटिंग १९९७ सालची आहे! (हशा)

आता २५ नंबरचं पुढे काय झालं ते थोडक्यात. दोन हजार सालानंतर व्हायरस लागलेले घरगुती संगणक मालकाच्या नकळत कचरा-मेल सोडू लागले, थेट २५ नंबरच्या खिडकीवर जाऊन. म्हणून अनेक देशांतल्या पुरवठादारांनी घरगुती ग्राहकांकडून बाहेर जाणारा २५चा रस्ता बंद केला. हे योग्यच झालं. २००७च्या 'आरएफसी ५०६८'मध्ये त्याच वेळी बजावलं आहे की ५८७चा रस्ता मात्र पुरवठादारांनी अडवू नये. आमची तक्रार बंद करण्याबद्दल नाही, न सांगण्याबद्दल आहे. नवी तार जोडताना ग्राहकाला वेगाचे आकडे सांगतात, सिनेमाची अॅप सांगतात. २५ बंद आहे, हे एका ओळीत सांगायला काय जातं? त्या मुरबाडच्या कारखानदाराच्या जुन्या सेटिंगमध्ये २५ होतं. जुन्या तारेवर ते चालत होतं, नव्या तारेवर पत्र दाराशीच अडलं. कुणी नाकारलंही नाही, नुसतं उत्तर नाही. माणूस वाट बघत बसतो.

म्हणून तक्रार घेऊन येणाऱ्याला आम्ही आधी एकच विचारतो, पडद्यावर नेमकं काय आलं? काहीच न येता बराच वेळ चक्र फिरून 'टाइम आउट' आलं तर रस्ता अडला आहे. बहुधा खिडकी २५ची आहे, ती ५८७ करा. '५५०' आणि 'रिले'चं काही आलं तर खिडकीशी पोहोचलात, पण कारकून ओळखत नाही; जावक सर्व्हरच्या सेटिंगमध्ये 'ऑथेंटिकेशन' चालू करा आणि वापरकर्ता म्हणून पूर्ण ईमेल पत्ता द्या, 'अॅट'च्या आधीचा तुकडा नव्हे. '५३५' आलं तर ओळख सांगितलीत पण पासवर्ड पटला नाही. जीमेलवाल्यांची इथे हमखास फसगत होते. ३० मे २०२२पासून गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी अशा बाहेरच्या प्रोग्रॅममधून नेहमीचा पासवर्ड चालणं बंद केलं. आता एक तर प्रोग्रॅमने गूगलच्याच पानावर नेऊन परवानगी घ्यावी, नाही तर दुहेरी पडताळणी चालू करून सोळा अक्षरांचा 'अॅप पासवर्ड' काढावा.

सुरक्षेच्या रकान्यात ५८७ला 'स्टार्टटीएलएस' निवडायचं आणि ४६५ला 'एसएसएल' किंवा 'टीएलएस'. या ४६५ची कहाणी सरकारी परिपत्रकासारखी आहे. १९९७मध्ये खिडकी मंजूर, थोड्याच काळात रद्द, लोक तरीही वापरतच राहिले, आणि जानेवारी २०१८च्या 'आरएफसी ८३१४'ने तिला पुन्हा मान्यता दिली. दोन्ही चालतात.

आवकीच्या सेटिंगला हात लावू नका, हे मुद्दाम सांगतो. घाबरलेला माणूस सगळंच खोलून बसतो, खातं उडवतो, नवं करतो, आणि 'पॉप'ने उतरवलेली जुनी पत्रं त्यात जातात. बिघाड जावकीत आहे, आवक बिचारी निर्दोष आहे.

इथपर्यंतचं सोपं आहे. अवघड आहे ते पुढे. तुमचा पत्ताच जुन्या पुरवठादाराचा असेल तर? तार सोडलीत, कंपनी म्हणते पेटी बंद करू. किंवा पेटी ठेवते, पण बाहेरच्या तारेवरून जावक घेत नाही. पूर्वी लोक एक युक्ती करत. जावक सर्व्हर नव्या कंपनीचा टाकायचा आणि 'फ्रॉम'मध्ये पत्ता जुना ठेवायचा. मुरबाडकर डोंबिवलीत राहतो तसं. बरीच वर्षं हे चाललं. आता चालत नाही, आणि त्याचं कारण आपल्या गोष्टीचा तिसरा अंक आहे.

नाव-पासवर्डाने तुमच्या जावक यंत्राने तुम्हाला ओळखलं. पण पलीकडच्या, पत्र मिळणाऱ्या यंत्राला काय माहीत? त्याच्यासाठी १९८२चा भाबडा संवाद तसाच होता. म्हणून २००६मध्ये 'एसपीएफ' आलं. त्यात प्रत्येक डोमेनचा मालक जाहीर यादी लावतो, की माझ्या नावाने पत्र पाठवण्याचा अधिकार फक्त या यंत्रांना आहे. २००७मध्ये 'डीकेआयएम' आलं, पत्रावर डोमेनचा गणिती शिक्का. २०१५मध्ये 'डीमार्क', म्हणजे यादी आणि शिक्का दोन्ही जुळले नाहीत तर काय करायचं याचा मालकाने दिलेला हुकूम. आणि फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहू यांनी या गोष्टी पाठवणाऱ्यांवर सक्तीच्या केल्या. दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही, बाकीच्यांना पहिल्या दोहोंपैकी एक तरी. म्हणजे आता मुरबाडकर आडनाव लावायचं तर मुरबाडच्या चावडीचा दाखला हवा. एका अर्थी ओळख पुन्हा जागेकडे गेली, फक्त ही जागा जमिनीवरची नाही, नावांच्या नोंदवहीतली आहे.

यात फसवणूक कमी झाली, हे कबूल. पण एक किंमत आहे आणि ती लहान माणूस मोजतो. स्वतःचा मेल सर्व्हर चालवणारी एखादी लहान संस्था सगळे दाखले लावते, तरी तिचं पत्र मोठ्या कंपनीच्या 'स्पॅम'मध्ये पडतं, कारण तिची पत नाही. पत का नाही, तर ती फार पत्रं पाठवत नाही. कमी बोलणाऱ्यावर अविश्वास! आणि दाद मागायला खिडकी नाही. शेवटी सगळे दोन-तीन मोठ्या कंपन्यांच्या ओसरीवर जाऊन बसतात. तानशात बसून हे बोलताना आम्हाला राहवत नाही म्हणून सांगतो. १८९२ साली तानसा धरण बांधून झालं तेव्हापासून या तालुक्यातून पाणी मुंबईला जातंय. त्या जावकीला कधी कुणी दाखला मागितला नाही. आणि याच तालुक्यात उन्हाळ्यात पाडे टँकरची वाट बघतात. जावक कुणाची सहज जाते आणि कुणाची अडते, हा प्रश्न फक्त तारेचा नसतो.

प्रश्नोत्तरांत मागे एका ताईंनी विचारलं होतं, मोबाइल नंबर जसा कंपनी बदलली तरी राहतो तसा ईमेल का राहत नाही? फार चांगला प्रश्न. मोबाइल नंबर बदलून नेण्याची सोय आपल्याकडे नोव्हेंबर २०१०मध्ये हरियाणात सुरू झाली आणि २० जानेवारी २०११पासून देशभर मिळाली. कारण नंबर सरकारच्या योजनेतला आहे, कंपनीचा नाही. ईमेल पत्त्यातला 'अॅट'नंतरचा भाग मात्र कंपनीच्या मालकीचा. तो तुम्हाला वापरायला दिलेला असतो, भाड्याच्या खोलीसारखा. खोली सोडली की पाटी काढावी लागते. यावर उपाय एकच, तार देणाऱ्याकडून पत्ता घेऊच नये. पत्ता वेगळ्या ठिकाणी घ्यावा, आणि धंदा असेल तर आपलं स्वतःचं डोमेन घ्यावं. त्याला वर्षाला थोडा खर्च येतो, पण मग तार बदला, मेल सांभाळणारी कंपनी बदला, पत्ता तोच राहतो. मात्र डोमेनच्या नोंदी, 'एसपीएफ'ची यादीसुद्धा, नव्या कंपनीप्रमाणे सुधारायच्या. त्या कारखानदाराने आता तेच केलं आहे.

आणि ज्यांचा पत्ता अजून जुन्या तारेच्या कंपनीचा आहे त्यांनी जुनी जोडणी बंद करायचा अर्ज देण्याआधी निदान दोन महिने दोन्ही ठेवावं. त्या काळात बँक, विमा, आयकर, आधार, मुलांच्या परीक्षा, जिथे जिथे तो पत्ता दिला आहे तिथे नवा द्यावा. कारण पासवर्ड विसरलात की नवा करण्याची चिठ्ठी जुन्याच पेटीत पडते, आणि ती पेटी तोवर बंद झालेली असते. नवं सेटिंग केल्यावर चाचणीचा मेल स्वतःलाच पाठवून समाधान मानू नका, तो पुष्कळदा एकाच यंत्रात फिरून परत येतो. दुसऱ्या कंपनीचा पत्ता असलेल्या कुणाला तरी पाठवा, आणि त्याला फोन करून विचारा, आला का, आणि आला तर कुठल्या कप्प्यात आला.